लुकलुकणारे दिवे आणि न्यूट्रलचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली आणि ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. तेव्हापासून गावोगावच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. व्यापारी कुटुंबांनी या गुंतवणुकीकडे व्यापाऱ्याच्याच नजरेने पाहिले. किती रक्कम गुंतली, दरमहा बिल किती घटले, मुद्दल किती वर्षांत वसूल होईल, याचा आकडा घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता येतो. तथापि, बिल कमी झाल्याचे समाधान अनुभवीत असतानाच काही घरांत एक तक्रार हळूहळू डोके वर काढते. ती म्हणजे घरातील दिवे अधूनमधून लुकलुकतात. ही तक्रार इतकी किरकोळ वाटते की तिची दखल घेण्यास कोणी सहसा तयार नसते. एका घरात मात्र याच किरकोळ तक्रारीने मोठा अनर्थ टाळला.

हे घर सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावातले. पुढे भुसार मालाचे दुकान, मागे दोन चौकांचा जुना वाडा, आणि एकत्र नांदणारी तीन पिढ्यांची माणसे. घराला तीन फेजचा वीजपुरवठा. दीड वर्षापूर्वी थोरल्या मुलाने पुढाकार घेऊन माडीवर ३ किलोवॅटचा सौर संच बसविला. त्याचा इन्व्हर्टर एकफेजी असल्याने तो तीनपैकी एकाच फेजला जोडण्यात आला. पहिल्या काही महिन्यांत बिल निम्म्याहून खाली आले आणि सर्वांना निर्णय योग्य वाटला.

घरातील वडीलधारे अण्णा वयाची ऐंशी ओलांडलेले. दुपारी माजघरात दिव्याखाली बसून वाचन करण्याचा त्यांचा नेम होता. जुन्या वाड्याचे माजघर अंधारे असल्याने तेथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. एके दिवशी ते म्हणाले, “दिवा हलतोय.” कोणी फारसे लक्ष दिले नाही. आठवड्याने ते पुन्हा म्हणाले तेव्हा थोरल्या मुलाने विचारले, “अण्णा, डोळे दाखवून येऊ या का?” काही वर्षांपूर्वी त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे शंका स्वाभाविक होती. नेत्रतज्ज्ञांनी तपासणी करून डोळे वयाच्या मानाने उत्तम असल्याचे सांगितले. परतीच्या वाटेवर अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या सांगण्यावर घरात विश्वास राहिला नाही, एवढे त्यांना उमगले होते.

पुढे पावसाळा संपून आकाश निवळले आणि दिव्यांचे हलणे इतरांच्याही लक्षात येऊ लागले. मग दोषाचा शोध सुरू झाला. म्हणजे खरे तर दोष ढकलण्याचा. प्रथम घरच्या वायरमनने सात एलईडी दिवे बदलले. दोन दिवस बरे वाटले, नंतर पुन्हा तेच. सौर संच बसविणाऱ्याने इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असा संदेश दाखवून सांगितले की, दोष बाहेरच्या पुरवठ्याचा आहे. पुरवठ्याचा माणूस आला, त्याने एकच प्रश्न विचारला : “सोलर बसवण्याआधी दिवे हलत होते का?” उत्तर अर्थातच ‘नाही’ असे होते. तो निघून गेला. एका हितचिंतकाने संपूर्ण घरासाठी मोठा स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला दिला. धाकटा मुलगा तर म्हणू लागला, “दादा, हा संचच काढून टाकू या.” निर्णय थोरल्याचा असल्याने या बोलण्याला बोचरी धार होती आणि दोघा भावांत दोन दिवस अबोलाही झाला.

या गोंधळात अण्णांनी मात्र आपल्या सवयीप्रमाणे वही घातली. चाळीस वर्षे रोजमेळ लिहिलेला हात तो. त्यांनी पाच रकाने आखले : तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणता दिवा मंदावला, कोणता उजळला. शेवटचा रकाना त्यांना का सुचला हे त्यांनाही सांगता आले नसते. जमेसमोर नावे असतेच, एवढीच त्यांची धारणा. अकरा दिवसांच्या नोंदींतून तीन गोष्टी निर्विवाद दिसल्या. दिवे फक्त सकाळी साडेदहा ते दुपारी तीनच्या दरम्यान हलत. ढग आला की हलणे थांबे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माजघरातला दिवा मंदावे, त्याच क्षणी समोरच्या स्वयंपाकघरातला दिवा प्रखर होई.

परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला ही वही दाखविण्यात आली. शेवटचा रकाना वाचून त्याने वही मिटली आणि पहिली सूचना केली ती अशी : “आत्ता दुपारी पंप आणि एसी लावू नका. मी मीटर घेऊन येतो.”

त्याला काय दिसले, हे समजून घेण्यासाठी न्यूट्रल तारेचे काम जाणून घेणे आवश्यक आहे. व्यापाऱ्यांना ते हिशेबाच्या भाषेत सहज कळण्याजोगे आहे. तीन फेज म्हणजे एका पेढीतील तीन भागीदार आणि न्यूट्रल म्हणजे त्यांच्या आपसातील देण्याघेण्याची बाकी फेडणारे खाते. तिन्ही भागीदारांनी सारखी उचल केली, तर या खात्यात बाकी उरत नाही. समजा तिन्ही फेजवर प्रत्येकी ५ अँपिअर भार आहे. तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून ठरावीक अंतराने मागेपुढे चालत असल्याने न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज शून्य होते. म्हणूनच भार समतोल असलेल्या घरात न्यूट्रलचा सांधा वर्षानुवर्षे सैल राहिला, तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या खात्यावर व्यवहारच नाही, त्यातील चूक कोण शोधणार?

आता यांपैकी एका फेजला सौर इन्व्हर्टर जोडला. भर दुपारी ३ किलोवॅटचा संच सुमारे १३ अँपिअर प्रवाह देतो. त्या फेजवरील घरचा वापर ३ अँपिअर असेल, तर उरलेले १० अँपिअर उलट दिशेने बाहेर जातात. म्हणजे दोन भागीदार उचल करीत आहेत आणि तिसरा भरणा करीत आहे. अशा वेळी आपसातील बाकी घटत नाही, उलट वाढते. वरील उदाहरणात दोन फेजवर ५ अँपिअरची उचल आणि तिसऱ्यावर १० अँपिअरचा भरणा असता न्यूट्रलवर सुमारे १५ अँपिअर प्रवाह येतो. जी तार आजवर जवळजवळ रिकामी होती, तिच्यावर दुपारच्या चार-पाच तासांत एकाएकी सर्वाधिक भार पडतो.

हा भार सैल सांध्यातून जाऊ लागला की घराचा न्यूट्रल आपल्या जागेवरून सरकतो. तो सरकला की सौर फेजचे व्होल्टेज चढते आणि अन्य दोन फेजचे उतरते. म्हणून एक दिवा उजळतो आणि दुसरा मंदावतो. कंत्राटदाराच्या मीटरवर नेमके हेच आले. सौर संच बंद असता तिन्ही फेज २४१ ते २४३ व्होल्टच्या आसपास होते. संच सुरू करून ऊन भरात येताच सौर फेज २५५ वर गेला आणि उरलेले दोन २३७ वर उतरले. भारतात एकफेजी पुरवठ्याचे प्रमाणित व्होल्टेज २३० आहे. सौर इन्व्हर्टरने त्याच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर, आपली जोडणी तोडावी असा नियम आहे. त्यानुसार इन्व्हर्टर बंद पडे, व्होल्टेज खाली येई, थोड्या वेळाने तो पुन्हा जोडला जाई आणि तेच चक्र फिरे. इन्व्हर्टरचा संदेश खोटा नव्हता. व्होल्टेज खरोखरच चढत होते. पण ते बाहेरून चढून आलेले नव्हते.

मुख्य स्विचचे झाकण पुरवठा बंद करून उघडले, तेव्हा कारण सापडले. जुनी अॅल्युमिनियमची न्यूट्रल तार पितळी टर्मिनलात बसविलेली होती. अॅल्युमिनियम मऊ धातू आहे. स्क्रूखाली तो कालांतराने दबत जातो, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तापणे-निवणे यांच्या आवर्तनांत पकड ढिली होते. स्क्रू बोटाने फिरत होता. तारेचे वेष्टन दोन इंच काळवंडले होते आणि बॅकेलाइटचा ठोकळा तडकला होता. त्या सांध्यावर केवळ ४ व्होल्टची घट होती, पण १५ अँपिअर प्रवाहाला ती ६० वॅट उष्णता होते. लहान सोल्डरिंग आयर्न जेवढे तापते, तेवढी उष्णता रोज दुपारी लाकडी फळीवरच्या एका ठोकळ्यात साठत होती. पलीकडच्या भिंतीला लागून दुकानातील रिकाम्या बारदानाची थप्पी होती.

तो सांधा पुरता तुटला असता, तर दुसरी आपत्ती ओढवली असती. न्यूट्रल सुटलेल्या तीनफेजी घरात एका फेजवरची उपकरणे दुसऱ्या फेजवरच्या उपकरणांशी साखळीसारखी जोडली जातात आणि दोन फेजमधील ४०० व्होल्टची वाटणी भाराच्या विषमतेप्रमाणे होते. ज्या फेजवर भार कमी, तेथे फ्रिज, दूरचित्रवाणी, पंखे यांना साडेतीनशे व्होल्टपर्यंतही सोसावे लागू शकते. साधा एमसीबी यातून वाचवीत नाही, कारण तो जादा प्रवाहावर पडतो, जादा व्होल्टेजवर नव्हे. प्रस्तावित स्टॅबिलायझर बसविला असता, तर तो न्यूट्रलच्या दोषाच्या पुढे बसला असता. दिव्यांचे हलणे कदाचित कमी झाले असते, सांधा मात्र जळतच राहिला असता. इशारा बंद झाला असता, धोका राहिला असता.

दुरुस्ती दुपारभरात झाली. न्यूट्रलचा जुना तुकडा बदलून पुरेशा जाडीची तार घातली, योग्य लग दाबून बसविला, मुख्य स्विच नवा आला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात सौर फेज २४७ वर स्थिर होता. एकूण खर्च स्टॅबिलायझरच्या अंदाजपत्रकाच्या आसपासही गेला नाही.

या प्रकरणातील मर्म निमित्त आणि कारण यांच्या भेदात आहे. सौर संच बंद केला की दिवे स्थिर होत, हे सत्य होते. त्यावरून ‘दोष सौर संचाचा’ असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते, पण चुकीचे होते. संच निमित्त होता, सैल न्यूट्रल हे कारण होते. सौर संच बसवल्यावर घरातील तारांमधून पूर्वी कधी न वाहिलेला प्रवाह पूर्वी कधी न वाहिलेल्या दिशेने वाहू लागतो, आणि जुन्या जोडणीतील झाकलेले उणेपण उघडे पडते. ज्या घरांत नवा संच जुन्या वायरिंगवर चढविला आहे, त्या सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

अर्थात, प्रत्येक लुकलुकीच्या मागे सैल न्यूट्रलच असतो असे नाही. म्हणून वाचकांनी पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम व्याप्ती ठरवावी. एकच दिवा हलतो की एका खोलीतील सर्व, एका फेजवरील सर्व की संपूर्ण घर? शेजाऱ्यांकडेही हलतात का? एकच दिवा असेल, तर दिवा, होल्डर किंवा स्विच पाहावा. शेजारीही तेच असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या वाहिनीत आहे. अशा वेळी वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी असलेल्या १९१२ या क्रमांकावर नोंद करून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. काही दिवे मंदावताना काही उजळत असतील, तर न्यूट्रलचा संशय धरून त्याच दिवशी जाणकारास बोलवावे. हे लक्षण उद्यावर टाकण्याचे नाही.

दुसरे, वेळ नोंदवावी. उन्हाबरोबर येणारी आणि ढगाबरोबर जाणारी लुकलुक सौर प्रवाहाशी निगडित असते. फ्रिज किंवा पंप सुरू होताना क्षणभर दिवे दबणे हा मोटारीच्या सुरुवातीच्या ओढीचा परिणाम असतो. तो जास्तच जाणवत असेल, तर तारेची जाडी व सांधे तपासावेत. बॅटरीवर चालणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरच्या घरी पुरवठा जाताच एकदाच डोळा मिचकावल्यासारखा दिवा हलला, तर ती बदलाची वेळ समजावी. तो दोष नव्हे. पण बॅटरीवर असताना दिवे सतत थरथरत असतील, तर इन्व्हर्टरवर अतिभार आहे किंवा बॅटरी थकली आहे, असे धरून तपासणी करावी. काही घरांत इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल मुख्य वायरिंगच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. त्यातूनही चमत्कारिक लक्षणे निर्माण होतात.

तिसरे, दिव्याची साक्ष घ्यावी. जुन्या पद्धतीचा तंतूचा ६० वॅटचा बल्ब मिळाल्यास संशयित जागी लावावा. तोही हलत असेल, तर व्होल्टेजच हलते आहे. तो स्थिर राहून एलईडीच हलत असेल, तर स्वस्त एलईडीमधील ड्रायव्हर दुबळा आहे किंवा त्याच्या ओळीत जुना डिमर आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्यावर सरकणारे काळे पट्टे दिसले म्हणून घाबरू नये. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यास ते दिसत नाही, कॅमेऱ्यास दिसते. याउलट सेकंदाला आठ-नऊ वेळा होणाऱ्या बदलास मानवी डोळा सर्वांत तल्लख असतो. त्या गतीने व्होल्टेज पाव-अर्धा टक्का, म्हणजे जेमतेम एक व्होल्ट, जरी हलले तरी तंतूच्या दिव्याखाली बसलेल्या माणसास ते जाणवू शकते. घरातील वृद्ध दिवा हलतो म्हणत असतील, तर मीटर लावण्याआधी त्यांना खोटे ठरवू नये.

चौथे, इन्व्हर्टरच्या ॲपमधील नोंदी पाहाव्यात. त्यात दिवसभराचे व्होल्टेज आणि बंद पडल्याच्या वेळा सापडतात. आपल्या वहीतील वेळा त्यांच्याशी ताडून पाहाव्यात; बँकेचे खाते आणि आपली कीर्द जुळवावी तसे. दुपारी व्होल्टेज २५० च्या पुढे जाऊन इन्व्हर्टर वारंवार सुटत असेल आणि न्यूट्रल निर्दोष असेल, तर खांबापासून घरापर्यंतची तार बारीक वा लांब आहे, अथवा त्या भागातील व्होल्टेजच चढे आहे. वीज बाहेर पाठवायची, तर घरच्या टोकाचे व्होल्टेज रोहित्राच्या टोकापेक्षा चढे असावेच लागते. तारेचा अवरोध अर्धा ओहम असेल, तर १० अँपिअर पाठविताना ५ व्होल्टची चढ होते. यावर जाड तार, रोहित्राची योग्य जुळणी किंवा दिवसाचा वापर वाढविणे हे उपाय आहेत. सायंकाळचा स्वयंपाक दिवसाउजेडी उरकण्याची ज्या घरांची रीत आहे, त्यांना शेवटचा उपाय सहज साधेल. पंप, धुलाईयंत्र आणि पिठाची घरगुती गिरणी दुपारी चालवावी. इन्व्हर्टरची बंद होण्याची मर्यादा वाढवून देण्याची गळ मात्र कोणासही घालू नये. ती मर्यादा घरातील उपकरणांचे रक्षण करते.

पाचवे, संच बंद करून पाहण्याची चाचणी दोन स्वच्छ दिवस करावी. निर्मात्याच्या सूचनेनुसार, सामान्यतः आधी एसी बाजूचा स्विच आणि मग डीसी बाजूचा, या क्रमाने संच बंद करावा. घरच्यांचे काम येथेच संपते. पॅनेलकडून येणाऱ्या तारांवर उजेड असेपर्यंत शेकडो व्होल्टचा डीसी दाब असतो, बाहेरचा पुरवठा गेलेला असला तरीही. त्या जोडण्या घरच्यांनी कदापि उघडू नयेत. मीटरचे सील तोडू नये. मीटरपर्यंतचा दोष वितरण कंपनीनेच काढावयाचा असतो. आणि न्यूट्रल सैल आहे म्हणून अर्थिंगची तार त्याच्याशी जोडून देणारा वायरमन मिळाल्यास त्यास नम्रपणे निरोप द्यावा. दिवे स्थिर होतील, पण अर्थिंग जेथे जेथे पोहोचले आहे त्या प्रत्येक धातूच्या वस्तूत धोका पसरेल.

ज्यांना नवा संच बसवायचा आहे, त्यांनी दोन अटी आधीच मान्य करून घ्याव्यात. घर तीनफेजी असेल, तर शक्यतो तीनफेजी इन्व्हर्टर घ्यावा. निर्मिती तिन्ही फेजवर सारखी वाटली गेल्याने न्यूट्रलवर अकारण बोजा येत नाही. आणि संच जोडण्यापूर्वी मुख्य स्विचपासून खांबापर्यंतच्या सर्व सांध्यांची, विशेषतः न्यूट्रलची, तपासणी लेखी घ्यावी. वर सांगितलेल्या योजनेतील संचांसाठी पुरवठादाराकडे पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. त्या कराराची प्रत, इन्व्हर्टरचा क्रमांक, तक्रारींची नोंद आणि वार्षिक तपासणीचे आकडे एकाच फायलीत ठेवावेत. गुंतवणुकीची पावती आपण जपतो; तिच्या प्रकृतीचा कागदही जपावा.

त्या वाड्यात आता दर सहा महिन्यांनी मुख्य स्विचचे सांधे तपासले जातात आणि तारीख अण्णांच्याच वहीत पडते. बारदानाची थप्पी दुसऱ्या खोलीत हलविली आहे. दोघे भाऊ पूर्ववत बोलू लागले, संच जागच्या जागी राहिला. दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने माजघरात येऊन विचारले, “अण्णा, आता दिवा हलतो का?” अण्णांनी पुस्तकातून डोळे वर न काढता उत्तर दिले, “नाही. पण वही चालू ठेव.”